फौज परत बोलवा, हे कोणी म्हणायचं?

मे १९६९. व्हिएतनाम आणि लाओसच्या सरहद्दीला लागून आ शाऊ नावाचं खोरं आहे. तिथल्या ९३७ मीटर उंचीच्या एका डोंगरावर अमेरिकेच्या १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक दहा दिवस पुन्हापुन्हा चढाई करत होते. डोंगराचं नाव आप बिया. पावसाने उतार निसरडा झाला होता. वर उत्तर व्हिएतनामी सैनिक खंदकांत आणि भुयारांत घट्ट बसलेले होते. एक चढाई परतवली गेली की दुसरी सुरू व्हायची. मध्येच अमेरिकेच्याच हेलिकॉप्टरांनी चुकून आपल्या माणसांवर मारा केला. अखेर २० मे रोजी माथा हाती आला, तेव्हा सत्तरच्या आसपास अमेरिकन सैनिक मेले होते आणि साडेतीनशेहून जास्त जखमी झाले होते. माणसांचा अक्षरशः खिमा झाला म्हणून सैनिकांनीच त्या डोंगराला ‘हॅम्बर्गर हिल’ म्हणायला सुरुवात केली.

जिंकलेला तो डोंगर अमेरिकन सैन्याने दोन आठवड्यांनी, ५ जूनला, सोडून दिला. तिथे ठाणं उभारायचा विचार कधी नव्हताच. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल मेल्विन झाइस यांनी पत्रकारांना सरळ सांगितलं, की डोंगराला स्वतःचं काही महत्त्व नव्हतं, शत्रू तिथे सापडला म्हणून तिथे लढलो. लष्करी दृष्टीने त्यांचं उत्तर प्रामाणिक होतं, कारण त्या युद्धाची रीतच तशी होती. जमीन मिळवायची नव्हती, शत्रूची माणसं मारायची होती आणि ती मोजायची होती. पण ज्या घरांत मृत्यूची तार पोचली होती, त्या घरांना हे उत्तर पुरेसं कसं व्हावं?

माथा हाती आला त्याच दिवशी सिनेटर एडवर्ड केनेडी सिनेटमध्ये उभे राहिले. ज्या जागेचा युद्ध संपवण्याशी संबंध नाही, त्या जागेसाठी तरुण मुलांना पुन्हापुन्हा मरायला पाठवणं निरर्थक आणि बेजबाबदार आहे, असं त्यांनी बजावलं. लष्कराचे समर्थक खवळले. सैनिक रणांगणावर असताना राजकारण्यांनी सेनापतींची उलटतपासणी घेऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. महिनाभराने, २७ जून १९६९ च्या अंकात, ‘लाइफ’ साप्ताहिकाने एक साधी गोष्ट केली. मे अखेरच्या एका आठवड्यात व्हिएतनाममध्ये मेलेल्या २४२ अमेरिकनांची नावं छापली आणि त्यांतल्या २१७ जणांची छायाचित्रं पानामागून पान मांडली. शाळेच्या वार्षिकांकातले फोटो, नव्या गणवेशातले फोटो. खाली नाव, वय, हुद्दा, गाव. लेख असा नव्हताच, चार ओळींची प्रस्तावना आणि मग चेहरे.

अनेक वाचकांनी ते सगळे चेहरे आप बियाचेच समजले. प्रत्यक्षात बहुतेक जण दुसरीकडे मेले होते. गैरसमज झाला खरा, पण त्यातून एक गोष्ट कळते. तोपर्यंत अमेरिकेत दर गुरुवारी आठवड्याचा मृतांचा आकडा जाहीर होत होता. तो टीव्हीवर यायचा, ऐकला जायचा आणि विसरला जायचा. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांचे चेहरे विसरता येईनात. आप बियाच्या लढाईनंतर तीन आठवड्यांच्या आत, ८ जूनला, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी मिडवे बेटावर पहिले २५ हजार सैनिक परत आणण्याची घोषणा केली होती. माघारीचा विचार आधीपासून चालू होता, तेव्हा ती घोषणा त्या डोंगरामुळेच झाली असं म्हणता येणार नाही. पण यापुढे अशा लढाया जनता सहन करणार नाही, हे वॉशिंग्टनला कळून चुकलं होतं, आणि सेनापतींनाही हानी कमी ठेवण्याचे निरोप गेले.

युद्धातल्या मृत्यूंवर जाहीर चर्चा करणं हा सैनिकांचा अवमान आहे, असं मानणारे लोक प्रत्येक देशात असतात. त्यांचा हेतू वाईट असतोच असं नाही. घरात फाटाफूट दिसली की शत्रूला बळ मिळतं, सीमेवरच्या जवानाचं मन खचतं, असं त्यांना मनापासून वाटतं. पण गेल्या साठ वर्षांतली उदाहरणं पाहिली तर सैनिकाचं खरं नुकसान या चर्चेच्या अभावाने झालेलं दिसतं.

आधी एक समज बाजूला ठेवायला हवा. मृतांचा आकडा फुगला की लोक आपोआप युद्धाला कंटाळतात, असं गणित सरसकट मांडलं जातं. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ जॉन म्युलर यांनी १९७३ मध्ये कोरिया आणि व्हिएतनामच्या जनमत चाचण्या तपासून दाखवलं, की पाठिंबा घसरतो तो मृत्यूंच्या पटींबरोबर. पहिल्या शंभरांपासून हजारापर्यंत जेवढा फरक पडतो, तेवढा पुढे हजारापासून दहा हजारापर्यंत पडतो. सुरुवातीचे मृत्यू लोकांना हादरवतात, नंतरचे मृत्यू सवयीचे होतात. व्हिएतनामपुरतं हे जुळतं. ऑगस्ट १९६५ मध्ये गॅलपच्या चाचणीत युद्धात उतरणं चूक होती असं म्हणणारे २४ टक्के होते. तीन वर्षांनी, ऑगस्ट १९६८ मध्ये, ते ५३ टक्के झाले.

पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांनी म्युलर यांच्या या मांडणीत भर घातली. ख्रिस्तोफर गेल्पी, पीटर फीव्हर आणि जेसन राइफलर यांनी इराक युद्धाच्या काळातल्या चाचण्यांवरून मांडलं, की लोक मृत्यू सोसतात की नाही हे दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतं: युद्धात उतरणं योग्य होतं का, आणि ते जिंकता येईल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर मोठी हानीही सोसली जाते. स्कॉट गार्टनर आणि गॅरी सेगुरा यांनी तिसरी बाजू दाखवली. देशाच्या एकूण आकड्यापेक्षा आपल्या भागातली माणसं गेली की मत लवकर बदलतं. साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. दिल्लीतला आकडा वाचणं वेगळं आणि शेजारच्या गल्लीतल्या घरापुढे गर्दी जमलेली पाहणं वेगळं.

म्हणूनच दूरच्या आणि दीर्घ युद्धांत सरकारं दोन गोष्टी जपतात, चेहरे झाकणं आणि उद्दिष्ट धूसर ठेवणं. १९९१ च्या आखाती युद्धापासून अमेरिकेने डेलावेअरमधल्या डोव्हर हवाई तळावर उतरणाऱ्या शवपेट्यांची छायाचित्रं घ्यायला माध्यमांना मनाई केली. कुटुंबांचा खासगीपणा हे कारण दिलं गेलं, आणि त्यात तथ्यही होतं. पण ही मनाई अठरा वर्षं टिकली, अफगाणिस्तान आणि इराकची युद्धं तिच्या आडोशाला लढली गेली. २००९ मध्ये ती उठवताना निर्णय कुटुंबांवर सोपवला, तेव्हा अनेक कुटुंबांनी छायाचित्रांना संमती दिली.

मग एक युक्तिवाद हमखास पुढे येतो: आत्ता माघार घेतली तर आजवर मेलेल्यांचं बलिदान वाया जाईल. ऑगस्ट २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी माजी सैनिकांपुढे बोलताना नेमकं हेच सांगितलं, की जे गेले त्यांचं काम पुरं करणं हे आपलं देणं आहे. त्याच महिन्यात टेक्सासमधल्या त्यांच्या घराबाहेर सिंडी शीहान तंबू टाकून बसली होती. तिचा मुलगा २००४ च्या एप्रिलमध्ये बगदादमध्ये मारला गेला होता. माझ्या मुलाच्या नावाने आणखी कोणाच्या मुलाला मारू नका, असं ती म्हणत होती. एकाच मृत्यूवरून दोन उलटे निष्कर्ष, आणि दोन्हींमागे खरं दुःख. बलिदान वाया जाऊ नये ही भावना माणसाला सोडवत नाही, हे खरंच आहे. पाचशे फुटांवर पाणी लागलं नाही म्हणून कर्ज काढून आणखी दोनशे फूट बोअर मारणारा शेतकरी आपल्याकडे गावोगाव भेटतो, कारण आधीचा खर्च डोळ्यांपुढून हलत नाही. पण पुढच्या दोनशे फुटांखाली पाणी आहे की नाही, याचं उत्तर आधी घातलेल्या पैशांत नसतं. युद्धातही उद्याच्या मृत्यूचं समर्थन उद्याच्या उद्दिष्टानेच करता येतं.

व्हिएतनाममध्ये निक्सन यांच्याकडे ते उद्दिष्ट नव्हतं. माघार घ्यायची हे ठरलं होतं, पण अब्रूने घ्यायची होती. त्या अब्रूची किंमत फार मोठी होती. ते सत्तेवर आल्यानंतर जानेवारी १९७३ च्या पॅरिस करारापर्यंत आणखी वीस हजारांहून जास्त अमेरिकन मेले. एकूण अमेरिकन मृत ५८ हजारांवर गेले. मेलेले व्हिएतनामी मोजायला कोणी नीट बसलंच नाही. दहा लाखांपासून तीस लाखांपर्यंतचे अंदाज आहेत. इथे या सगळ्या चर्चेतली सर्वांत मोठी उणीव दिसते. ‘मृत्यू’ म्हणताना प्रत्येक देश फक्त आपले मृत्यू मोजतो.

अमेरिकेत निदान भांडण झालं. सोव्हिएत संघात भांडायलाही परवानगी नव्हती.

डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. कागदोपत्री ते मित्रराष्ट्राला केलेलं सहाय्य होतं. टीव्हीवर सैनिक झाडं लावताना आणि शाळा बांधताना दिसत. मृतदेह जस्ताच्या बंद पेट्यांतून घरी पोचत, बहुधा रात्री. पेटी उघडायची नाही, गाजावाजा करायचा नाही. सुरुवातीच्या वर्षांत थडग्यावर ‘अफगाणिस्तान’ हा शब्द कोरायलाही मनाई असायची, ‘आंतरराष्ट्रीय कर्तव्य बजावताना’ एवढंच लिहायचं. शेजारणींना कळायचं, गावाला कळायचं, पण देशाला कळत नव्हतं. गोर्बाचेव्ह यांनी फेब्रुवारी १९८६ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात अफगाणिस्तानला वाहती जखम म्हटलं, तोवर सहा वर्षं उलटली होती. पहिला अधिकृत आकडा जाहीर झाला मे १९८८ मध्ये: १३ हजार ३१० मृत. तोही फौजा परतायला लागल्यावर. शेवटचा सैनिक १५ फेब्रुवारी १९८९ रोजी आमू दर्यावरचा पूल ओलांडून परतला, तेव्हा मृतांची संख्या पंधरा हजारांच्या घरात होती. नऊ वर्षं दबलेला राग नंतर एकदम बाहेर पडला. सैनिकांच्या आयांच्या समित्या १९८९ मध्येच उभ्या राहिल्या, आणि पुढे चेचन्याच्या युद्धात आपल्या मुलांना शोधत थेट रणभूमीवर पोचल्या.

आयांचा उल्लेख निघाला की इस्रायलचं उदाहरण टाळता येत नाही. दक्षिण लेबनॉनच्या पट्ट्यात इस्रायली सैन्य १९८५ पासून ठाण मांडून होतं. दर वर्षी वीस-पंचवीस जवान मरत, आणि उत्तरेकडची गावं सुरक्षित ठेवण्याची ती किंमत आहे असं मानलं जाई. ४ फेब्रुवारी १९९७ रोजी सैनिकांना लेबनॉनमध्ये नेणारी दोन हेलिकॉप्टरं आपसात आदळली आणि ७३ जण ठार झाले. त्यानंतर उत्तर इस्रायलमधल्या चार स्त्रियांनी, ज्यांची मुलं लढाऊ तुकड्यांमध्ये होती, ‘चार आया’ नावाची चळवळ उभी केली. सेनापतींनी त्यांना हिणवलं. युद्धनीतीतलं बायकांना काय कळतं, असा सूर लागला. पण त्यांचा प्रश्न साधा होता: हा पट्टा गावांना वाचवतोय की फक्त सैनिकांना मारतोय? या प्रश्नाचं उत्तर देणं सरकारला जड गेलं. १९९९ च्या निवडणुकीत एहुद बराक यांनी वर्षभरात माघारीचं वचन दिलं आणि २४ मे २००० रोजी ती पुरी झाली. बराक स्वतः माजी सरसेनापती होते, हे विसरून चालणार नाही. माघार म्हणणारे सगळे भित्रे असतात, हा आरोप त्यांना चिकटला नाही.

आता आपल्याकडे. भारतानेही असं एक युद्ध लढलं आहे, आणि ते आपण जवळपास चर्चेविना लढलो.

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी भारत-श्रीलंका करारावर सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना श्रीलंकेच्या एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीच्या दस्त्याने घाव घातला. ते थोडक्यात बचावले. त्याच दिवशी जाफन्याजवळच्या पलाली धावपट्टीवर भारतीय शांतिसेना उतरू लागली होती. तमिळ लोकांनी जवानांच्या गळ्यात हार घातले. काम थोड्या दिवसांचं वाटत होतं: श्रीलंकेचं सैन्य आणि त्याच्याशी लढणारे तमिळ गट यांच्या मध्ये उभं राहायचं आणि त्या गटांची शस्त्रं जमा करून घ्यायची. यांतल्या अनेक गटांना १९८३ नंतर भारतातच प्रशिक्षण मिळालं होतं, त्यामुळे ते आपलं ऐकतील असं दिल्लीत गृहीत धरलं गेलं. या गटांपैकी प्रभाकरनच्या लिट्टेने थोडी शस्त्रं दिली, बाकीची दडवली, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सगळं बिनसलं. १० ऑक्टोबरला भारतीय सैन्याने जाफना ताब्यात घेण्याची मोहीम सुरू केली, तिचं नाव ‘ऑपरेशन पवन’.

११ ऑक्टोबरच्या रात्री काय झालं ते नीट सांगितलं पाहिजे. लिट्टेचे म्होरके जाफना विद्यापीठाच्या परिसरात आहेत, त्यांना हेलिकॉप्टरांतून उतरून एका झडपेत पकडायचं, अशी योजना होती. १० पॅरा कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फंट्रीच्या तुकड्या जाणार होत्या. लिट्टेने भारतीय बिनतारी संदेश ऐकले होते. ते मैदानाभोवती दबा धरून बसले होते. पहिल्या फेऱ्यांतले जवान उतरले आणि चहूबाजूंनी गोळीबार सुरू झाला. हेलिकॉप्टरांची चाळण झाली, पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या. शीख लाइट इन्फंट्रीचे तीस जण त्या अंधारात एकटे पडले, संपर्क तुटला. ते दुसऱ्या दिवशी गोळ्या संपेपर्यंत लढले. तिसांपैकी एकोणतीस मेले, एक जण जिवंत सापडला आणि कैद झाला. कमांडोंना सोडवायला रणगाडे धाडावे लागले. मित्र समजून ज्यांची तयारी आपण करून दिली होती, त्यांच्याबद्दलची माहितीच आपल्या सैन्याला पुरेशी दिली गेली नव्हती. पलटणींजवळ धड नकाशेही नव्हते, असं परतलेल्या अधिकाऱ्यांनी पुढे वारंवार लिहिलं आहे.

त्या महिन्यात भारत काय पाहत होता? ८ ऑक्टोबरपासून देशात क्रिकेटचा विश्वचषक रंगला होता. ३१ ऑक्टोबरला नागपुरात चेतन शर्माने हॅट्‌ट्रिक घेतली आणि सुनील गावसकरने एकदिवसीय सामन्यांतलं आपलं एकमेव शतक ठोकलं. ५ नोव्हेंबरला वानखेडेवर उपांत्य सामना हरल्यावर मुंबई हळहळली. रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झालं की रस्ते ओस पडत. राजकारणात बोफोर्सचं वादळ होतं. यात लोकांचा दोष काढायचा नाही. विश्वचषक पाहणं गुन्हा नव्हे. पण तेवढ्याच दिवसांत जाफन्याच्या गल्ल्यांत दोनशेहून अधिक भारतीय जवान मारले गेले होते, आणि त्यांचे चेहरे एकाही घरात एकत्र पोचले नाहीत.

२१ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, भारतीय सैनिक जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात शिरले. तिथे झालेल्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिकांसह सत्तरच्या आसपास माणसं मारली गेली, असं तमिळ नागरिक आणि मानवी हक्क कार्यकर्ते सांगत आले आहेत. रुग्णालयातून आपल्यावर गोळीबार होत होता, असं सैन्याचं म्हणणं होतं. हार घालणारे लोक तीन महिन्यांत दारं लावून घेऊ लागले. जवानाच्या बाजूनेही हे समजून घेतलं पाहिजे. समोरचा साध्या लुंगीतला माणूस शेतकरी आहे की लिट्टेचा ‘वाघ’, हे ओळखण्याचं साधन त्याच्याकडे नव्हतं, आणि तो तिथे शांतता राखायला आला आहे असंच त्याला सांगितलेलं होतं.

या मोहिमेत महाराष्ट्राशी नातं असलेल्या पलटणी होत्या. १ मराठा लाइट इन्फंट्री आणि ८ महार या दोन्ही जाफन्याच्या लढाईत एकाच ब्रिगेडमध्ये लढल्या. मेजर रामस्वामी परमेश्वरन ८ महारचे. जन्म मुंबईचा, शिक्षण शीवच्या एसआयईएसमध्ये. २५ नोव्हेंबर १९८७ च्या पहाटेपूर्वी, शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर छापा पडला. त्यांनी शांतपणे छापा घालणाऱ्यांच्याच पाठीमागून मुसंडी मारली. हातघाईत छातीत गोळी लागली, तरी समोरच्याच्या हातातली रायफल हिसकावून त्यांनी त्याला मारलं आणि जीव जाईपर्यंत हुकूम देत राहिले. शांतिसेनेच्या मोहिमेतलं एकमेव परमवीरचक्र त्यांना मरणोत्तर मिळालं. हे शौर्य महाराष्ट्रातल्या किती शाळकरी मुलांना माहीत आहे? कारगिलचे वीर तोंडपाठ असतात, परमेश्वरन क्वचितच.

याचं एक कारण अगदी व्यवहारातलं आहे. कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, जवानांची पार्थिवं तिरंग्यात लपेटून त्यांच्या गावी आणण्याची प्रथा रुळली. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावांत अंत्ययात्रेला पंचक्रोशी लोटली, दूरचित्रवाणीवर ती घराघरांत दिसली. त्याआधी सहसा रणभूमीजवळच अंत्यसंस्कार होत आणि घरी अस्थी, ट्रंक आणि तार पोचे. श्रीलंकेतले बहुतेक मृत्यू असे निमूटपणे घरी आले. दूरदर्शन सरकारी होतं, खासगी वाहिन्या नव्हत्या. सैन्य स्वयंसेवकांचं होतं, त्यामुळे अमेरिकेसारखी सक्तीच्या भरतीची चिठ्ठी कोणाच्या घरी येणार नव्हती. सैन्यात मुलं पाठवणारी घरं ठराविक, आणि ती घरं प्रश्न विचारायला दिल्लीला जाणारी नव्हेत.

उद्दिष्ट मात्र सरकत राहिलं. शस्त्रं जमा करायला गेलेलं सैन्य लिट्टेशी लढू लागलं. जाफना पडल्यावर गनिमी युद्धात अडकलं. मग १९८८ च्या अखेरीस उत्तर-पूर्व प्रांतिक परिषदेची निवडणूक घडवणं आणि तिथे निवडून आलेलं सरकार टिकवणं, हे त्याचं काम झालं. सत्तर हजारांहून अधिक जवान तिथे होते. उद्दिष्ट बदललं तेव्हा ते का बदललं, त्यासाठी किती माणसं जातील आणि कशाला यश म्हणायचं, हे संसदेपुढे मांडून, मतदान घेऊन एकदाही ठरवलं गेलं नाही. प्रश्न विचारले गेले, भाषणं झाली, तमिळनाडूत मोर्चे निघाले. पण तमिळनाडूतला राग तमिळ नागरिकांवरच्या अत्याचारांबद्दल होता आणि उत्तर भारतातली टीका राजीव गांधींना अडचणीत आणण्यापुरती होती. जवानाच्या जिवाचा हिशेब या दोहोंच्या मधे पडून राहिला.

माघारीचा रेटा शेवटी बाहेरून आला. जयवर्धने यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या प्रेमदासा यांनी १ जून १९८९ रोजी जाहीर केलं, की जुलै अखेरपर्यंत भारतीय सैन्याने निघून जावं. ज्या सरकारच्या विनंतीवरून आपण गेलो होतो, तेच जायला सांगत होतं. एवढंच नव्हे, प्रेमदासा सरकारने भारतीय सैन्याशी लढणाऱ्या लिट्टेला शस्त्रंही पुरवली. १८ सप्टेंबरला दोन्ही सरकारांत समझोता झाला, राजीव गांधींच्याच काळात माघार सुरू झाली आणि डिसेंबरमध्ये आलेल्या व्ही. पी. सिंग सरकारने ती पुरी केली. २४ मार्च १९९० रोजी शेवटच्या तुकड्या त्रिंकोमालीहून जहाजात बसल्या. मद्रासच्या बंदरात त्यांच्या स्वागताला जायला मुख्यमंत्री करुणानिधींनी नकार दिला. तमिळांवर झालेल्या अन्यायाबद्दलचा त्यांचा राग खरा असेल, पण धोरणाचा जाब धोरण ठरवणाऱ्यांना विचारायचा असतो. बत्तीस महिने हुकूम पाळून परत आलेल्या जवानाकडे पाठ फिरवणं चुकीचंच होतं.

या मोहिमेत सुमारे १२०० भारतीय जवान गेले, तीन हजारांहून अधिक जखमी झाले. माघारीनंतर तीन महिन्यांत श्रीलंका सरकार आणि लिट्टे यांच्यात पुन्हा युद्ध पेटलं आणि ते २००९ पर्यंत चाललं. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुम्बुदूरला लिट्टेच्या आत्मघाती बाँबने राजीव गांधींचाही बळी घेतला. मेलेल्या भारतीय जवानांची नावं कोरलेलं मोठं स्मारक कोलंबोलगत श्रीलंका सरकारने उभारलं. दिल्लीत स्वातंत्र्यानंतरच्या सगळ्या हुतात्म्यांसाठी राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं ते २०१९ मध्ये.

चर्चा वेळेवर झाली तर काय होतं, याचंही एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. २००३ मध्ये अमेरिकेने भारताकडे इराकसाठी एक अख्खी डिव्हिजन मागितली, सतरा हजारांच्या आसपास सैनिक. दिल्लीत काही वजनदार मंडळी अनुकूल होती. अमेरिकेशी मैत्री वाढेल, पुनर्बांधणीची कंत्राटं मिळतील, असं सांगितलं जात होतं. पण ८ एप्रिलला लोकसभेने इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध एकमताने ठराव केला होता. वर्तमानपत्रांतून, पक्षांतून, निवृत्त सेनाधिकाऱ्यांच्या लेखांतून महिनाभर वाद झडला आणि त्यात शांतिसेनेचं नाव पुन्हापुन्हा आलं. १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने नकार कळवला: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसेल तर सैन्य जाणार नाही. पुढच्या आठ वर्षांत इराकमध्ये साडेचार हजारांच्या घरात अमेरिकन सैनिक मेले. भारताचे सैनिक त्यात नव्हते, कारण प्रश्न ते जहाजात बसण्याआधी विचारले गेले.

असे प्रश्न विचारले जावेत म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसने नोव्हेंबर १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार डावलून एक कायदा केला. राष्ट्राध्यक्षाने सैन्य लढाईत उतरवलं की ४८ तासांत काँग्रेसला कळवायचं, आणि मंजुरी नसेल तर ६० दिवसांनी माघारीची तयारी सुरू करायची. राष्ट्राध्यक्षांनी त्याला अनेकदा बगल दिली आहे, पण निदान भांडायला एक कलम आहे. भारतात परदेशी लढाईवर सैन्य पाठवण्याआधी संसदेची मंजुरी घ्यावी असा कायदा आजही नाही. जवान मात्र परदेशांत जातच आहेत, संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्या घालून काँगोत, दक्षिण सुदानमध्ये, लेबनॉनमध्ये. उद्या शेजारच्या एखाद्या देशातून पुन्हा हाक आली तर निर्णय संसदेला न विचारता होऊ शकतो, जसा १९८७ मध्ये झाला. संसदेने हा कायदा करावा. उद्दिष्ट काय, मुदत किती, आणि दर सहा महिन्यांनी मृतांची नावं सभागृहाच्या पटलावर, एवढ्या तीन गोष्टी त्यात असल्या तरी पुरे. आणि ज्यांच्या गावातून मुलं सैन्यात जातात, त्या मतदारसंघांतल्या खासदारांनी, मग ते साताऱ्याचे असोत की बुलढाण्याचे, ही मागणी आधी केली पाहिजे.